दिवसाउजेडी

डायनिंग टेबलावर तीन माहितीपत्रकं,
पंख्यानं उडू नयेत म्हणून वर बेदाण्याचा डबा.
विश्रामबागेतला मे, दुपारचे तीन,
आणि आम्ही निवडतोय नॉर्वेला जायची बोट.

पहिली म्हणजे आख्खी गणपती पेठ उचलून पाण्यावर ठेवलेली.
चौदा मजले, तीन हजार माणसं,
आणि पोहायला तलाव. समुद्रावर जाऊन तलाव!
हे म्हणाले, स्वस्त पडते.
मी म्हटलं, भडंगही मोठ्या पुड्यात स्वस्त पडतं,
तळाला सगळा चुरा.

दुसरी लहान, जुनी. पूर्वी टपाल वाहायची.
अजूनही रात्री दोनला एखाद्या खेड्याशी थांबते,
खोकी उतरवते, एक माणूस चढवते, निघते,
आमची आटपाडीची एसटी हात दाखवला की थांबायची, तशी.
ही मला आवडली.

तिसरीचं नाव वाचता येईना. ती गेली डब्याखाली.

एकतीस वर्षं मी नववीला फिऑर्ड शिकवला.
हिमनदीने कोरलेली दरी, तीत शिरलेला समुद्र.
दोन गुण. आकृतीसह तीन.
शेवटच्या बाकावरून त्रिशला बिरनाळे एकदा म्हणाली,
बाई, तुम्ही बघितलाय?
मी म्हटलं, पुढचा प्रश्न लिहून घे.

मग खोलीचा मजला.
तळाची खोली निम्म्या पैशात, गोल खिडकी, पाणी कानाशी.
हे गप्प झाले.
एकोणीसच्या ऑगस्टात आमच्या जिन्याच्या अकरा पायऱ्या
कृष्णेत होत्या. हे दर तासाला बॅटरी घेऊन मोजायचे.
तिसऱ्या दिवशी गॅलरीखाली रबरी बोट आली.
आजवरचा आमचा जलप्रवास तेवढाच:
गॅलरी ते कॉलेज कॉर्नर,
सामान दोन उशा, बीपीच्या गोळ्या, सासूबाईंची जपमाळ.
"सहावा मजला," हे म्हणाले. "पैसे मी देतो."
जसे एरवी शेजारी देतात.

बाजू मी ठरवली, उजवी.
उत्तरेला जाताना किनारा उजवीकडे.
यांनी नकाशा उलटा धरून हरकत घेतली,
सुलटा करून मागे घेतली.

राहिला महिना.
मी पुढचा जून म्हटलं. जूनमध्ये तिकडे सूर्य
क्षितिजाला टेकायला येतो आणि परत वर चढतो.
आणि इथे भूपाल मगदूम, वय एकोणसत्तर,
स्वतःच्या लग्नातही दिवस मावळल्यावर
ज्यांनी ताटाला हात लावला नाही,
चष्मा काढून म्हणाले,
"मावळतच नाही, तर जेवण थांबवायचं केव्हा?"

मी हसले. हे हसले नाहीत.
मंदिरात उपाध्येंना फोन लावला.
ते बराच वेळ गप्प, मग म्हणाले, विचारून सांगतो.
अजून विचारतायत.
"सप्टेंबर बघू. सप्टेंबरात मावळतो, सातच्या सुमाराला."
मी पत्रक पुढे सरकवलं:
रात्री बाराचा फोटो, कठड्याला टेकलेली बाई,
तोंडावर ऊन.

दोन दिवस तो विषय नाही.

काल साडेसहाला आमटी वाढताना म्हणाले,
"मी घड्याळ सांगलीचंच ठेवीन.
इथे मावळला की तिथे माझं ताट बंद."
मी मनात साडेतीन तास वजा केले.
"म्हणजे बोटीवर दुपारी साडेतीनला रात्रीचं जेवण?"
"हो."
"आणि नंतर एवढ्या उजेडात काय कराल?"

यांनी ताटात पाणी ओतलं, बोटानं कडा धुतल्या,
ते पाणीही प्यायले.
"उभा राहीन. बघीन. काय करायचंय."
मग खिडकीशी गेले,
पलीकडच्या गच्चीवर किती ऊन उरलंय
बघायला.