कडता

धुळ्याच्या डॉक्टरांनी फाइल मिटली, चष्मा काढून टेबलावर ठेवला,
तेव्हाच भालूदादाला कळलं.
'घरी न्या. आता त्यांना दुखू द्यायचं नाही, एवढंच काम.'
एवढंच काम.
त्याची यादी गाडीतच झाली, पेट्रोलच्या पावतीमागे :
वरखाली होणारा पलंग, तीन हजार डिपॉझिट,
हवेची गादी,
इन्व्हर्टरला नवी बॅटरी,
रात्री कोण.

रात्री कोण, याच्यापुढे कुणी काही लिहिलं नाही.
फाट्यावर उसाचा रस प्यायलो.
नानांसाठी एक ग्लास मागितला आणि तसाच परत केला.

नाना अमळनेरच्या मार्केटात चाळीस वर्षं मापाडी.
पहिल्या मापाला कधी 'एक' म्हणाले नाहीत.
लाभ, म्हणायचे. मग दोन. मग तीन.
आम्हालाही तसंच मोजलं :
भालू लाभ, उज्ज्वला दोन,
मी तीन.

पुढच्या खोलीत पलंग लागला, कूलरचा वारा पोचतो तिथे.
दिवाण ओट्यावर गेला.
मे महिना, पंचेचाळीस, तरी माणसं येतात,
दिवाणावर बसतात, टोपीने वारा घेतात
आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात,
'सलाईन बी नही लाई तुम्ही?'
जिजी आमच्याकडे बघते.
नळी नको, सलाईन नको, पुन्हा दवाखाना नको
या कागदावर तिचाही अंगठ्याशेजारी सही आहे :
अंगठा आधी दिला, मग म्हणाली, मले सही येते.

सुनंदा सिस्टर वळवी मंगळवारी आणि शुक्रवारी येतात, स्कूटीवर,
तोंडाला पांढरा रुमाल गुंडाळून.
ओठ कसे ओले ठेवायचे ते त्यांनी दाखवलं,
दर दोन तासांनी कूस कशी बदलायची,
टाच कशावर टेकू द्यायची नाही.
जिजी वाटीत खिचडीचं पाणी घेऊन उभी होती, दोन घास तरी म्हणत.
'भूक त्यांना नाही, आजी. तुम्हाला लागलीय.'
जिजीला राग आला.
मग ती आत गेली
आणि कळण्याची अख्खी भाकरी उभ्यानेच खाल्ली, ठेच्याबरोबर.

मॉर्फिनची बाटली नानांच्या पावत्यांच्या पत्र्याच्या डब्यात.
किल्ली भालूदादाच्या करगोट्याला.
वहीत रकाने पाडलेत : वेळ, किती, कुणी दिलं, शेरा.
शेऱ्यात उज्ज्वला लिहिते, 'झोप'.
एकदा लिहिलं होतं, 'माझं नाव घेतलं'.

काल चादर बदलली.
चार कोपरे चौघांनी धरले, सुनंदा सिस्टर म्हणाल्या, आता,
आणि नाना वर आले,
इतके सहज, की आम्ही सगळेच दचकलो.
डोळे मिटलेलेच होते.
'कितलं भरनं?'
कुणाचा आवाज फुटेना.
भालूदादा म्हणाला, 'छप्पन्न.'
काट्यासमोर या घरात कधी कुणी खोटं बोललं नव्हतं.
नाना थोडे थांबले.
'कडता कापीसन सांग.'

आधी उज्ज्वला हसली.
मग जिजी, मग सिस्टरसुद्धा,
आणि हसताना हात ढिले पडतील म्हणून
आम्ही चौघांनी कोपरे आणखी घट्ट धरले,
नाना मध्ये, अधांतरी,
अशी किती वेळ गेली कोण जाणे.

ती पावती मी फ्रिजवर चिकटवली आहे.
रात्री कोण, याच्यापुढे माझ्याच अक्षरात माझं नाव.

तीन वाजता लाइट जाते. कूलर थांबतो.
इन्व्हर्टरवर गादीचा पंप तेवढा गुरगुरत राहतो.
श्वास मोजा, सिस्टरनी सांगितलंय, घाबरू नका, फक्त मोजा.
मी मोजते.
लाभ.
दोन.
तीन.
मग काहीच नाही.
ओट्यावरून कुत्रं उठून जातं, त्याची नखं ऐकू येतात.
मग येतो, कुठून तरी लांबून,
आणि मला चार म्हणवत नाही.
लाभ, म्हणते.