बिब्बा

कोटितीर्थाच्या काठावर आण्णा कपड्यांना खुणा करायचा.
सुईचं टोक बिब्ब्यात बुडवून, कॉलरच्या आतल्या अंगाला:
दोन टिंबं म्हणजे शुक्रवार पेठेतले इंगवले,
आडवी रेघ म्हणजे दवाखान्याच्या चादरी.
वर चुन्याचं बोट.
मग कितीही आपटा, कापड विरेल, खूण विरायची नाही.
इंगवल्यांचं घर विकलं गेलं,
त्यांचा एक सदरा अजून आमच्याकडं आहे,
दोन टिंबांचा.

आण्णाच्या बोटांवर बारा महिने फोड.
आई खोबरेल लावायची आणि करवादायची,
"त्याल हाय का इंगळ?"

विद्यानगरात, दुसऱ्या मजल्यावर,
मी आता त्याच तेलाचे थेंब मोजते.
हातात दुहेरी मोजे. प्लेटीत छ्याण्णव खण.
खणांत कुणा परक्या बाईच्या छातीतल्या पेशी.
बाई कधीच गेली,
पेशी वाढतायत, जत्रेला निघाल्यासारख्या.
तेल टाकायचं, दोन दिवस थांबायचं, मग रंग.
जांभळं ते जिवंत. फिकं ते मेलेलं.

पहिला फिका खण दिसला तेव्हा
जिन्यात जाऊन फोन केला:
"आण्णा, तुझ्या बिब्ब्यानं कॅन्सरच्या कामात बिब्बा घातला!"
तो हसला, खोकला, मग म्हणाला,
"शेजारच्या कापडाला लागलं का बघ."

लागलं होतं.
निरोगी पेशींच्या प्लेटीतही
तिसऱ्या ओळीपासून जांभळं ओसरत गेलेलं.
तेल कमी केलं की रोग तगतो,
वाढवलं की सगळंच फिकं.
मधली जागा सुईच्या टोकाएवढी.
चार वर्षं मी त्या टोकावर बसून आहे.

मग पेपरात आठ ओळी आल्या.
मथळ्यात 'कदाचित' मावलं नाही.

तिसऱ्या दिवशी मुरगूडहून सातापा आला.
पिशवीत औषधाची रिकामी बाटली,
गरम पाण्यानं धुतलेली, बुचासकट.
"वाईच द्या. आमच्या हिच्यासाठी. फुकट नको."
मी मोजा काढून मनगट दाखवलं,
गेल्या मे महिन्यातला थेंब,
अजून काळा.
"कातडीला हे करतं, भाऊ. पोटात काय करील
ते मला माहीत नाही. कुणालाच नाही.
उंदरापर्यंतसुद्धा पोचलेलं नाही अजून."

तो मनगटाकडं बघत राहिला.
"मी गुळव्या हाय," म्हणाला,
"भेंडीचं पाणी कवा घालायचं, किती घालायचं,
रस बघून कळतं मला.
तुमची काहील कवा उतरायची?"

मी दवाखान्याचा नंबर लिहून दिला.
गुरुवारची वेळ स्वतः फोन करून घेतली.
त्याच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं,
म्हणून चहा सांगितला.
जाताना त्यानं बाटलीचं बूच
अंगठ्यानं घट्ट दाबलं,
आत काही नसताना.

आण्णाची एक खूण होती, गिऱ्हाइकाला न कळणारी:
अर्धं टिंब.
म्हणजे डाग गेलेला नाही, पुन्हा भट्टीत.
आज वहीत, निकालाच्या रकान्यात,
तेवढंच काढलं.
उद्या नवी प्लेट लावायची आहे.
मोजे संपत आलेत, सांगायला हवं.