मऊ खुणेचा तुटवडा

खिळ्यांच्या पेट्या सारान्स्कहून यायच्या,
रशियन भाषेच्या हिशोबानं भरलेल्या :
'ओ' पसाभर, 'आ' पसाभर,
आणि मऊ खुणा, भाजीत मीठ पडावं तेवढ्याच.

आमच्या एर्झ्याला तेवढ्यानं भागत नाही.
आमची जीभ उठसूट टाळूला टेकते.
पाणी म्हणायचं, मऊ खूण.
पोरगी म्हणायचं, तर दोनदा जीभ मऊ.
खुद्द 'जीभ' या शब्दाच्या शेपटालाही तीच.
स्वतःचा आवाज नसलेलं, पोट सुटलेलं हे बुटकं अक्षर
दुसरं पान जुळवेपर्यंत संपायचं,
कप्प्यात उरायची शिशाची काळी भुकटी.

फ, ख आणि श्चचे कप्पे मात्र काठोकाठ.
ती पाहुणी अक्षरं.
रशियन शब्दांबरोबर येतात,
अंगातला कोट न काढता बसतात, आणि जातात.

उच्वातकिन तेव्हा यंत्रावर होता.
त्याच्या लहानपणी म्हणे लॅटिन अक्षरं येणार होती,
मास्तरांनी फळा पुसूनसुद्धा ठेवला होता.
आली नाहीत. फळा तसाच राहिला आठवडाभर,
पोरांनी त्यावर बदकं काढली.

त्यानंच माझ्या हातात कानस दिली.
"कठीण खूण घे, तिला आपल्याकडे काम कुठंय?
डोक्यावरचं डावं शिंग घास, झाली मऊ.
त्या संपल्या, तर शेजारी काठी घेऊन उभं असतं ना, ते घे.
काठी छाट."
अशी मी कित्येक वर्षं
एका अक्षराचं दुसरं करत बसले.
नखांत शिसं. घरी दूध प्यायचे, उतारा म्हणून.

मार्चमध्ये मधपाळ क्वेदोर गेला.
सरकारी कागदावर फ्योदर. पण बायको म्हणाली,
फ लावू नका, आयुष्यभर त्याला कुणी फ-नं हाक मारली नाही.
तिनं मजकूर तोंडी सांगितला, मी लिहून घेतला :
अलातीरच्या काठी, वाळुंजाखाली पुरला.
आता, 'कल' म्हणजे मासा,
आणि त्याच 'कल'च्या शेवटी जीभ मऊ केली
की वाळुंज.

रात्रीचे अकरा. मऊ खूण एक कमी.
कानस उच्वातकिनच्या कपाटात, कपाटाला कुलूप,
उच्वातकिन लग्नाला गेलेला.
मी म्हटलं, कोण वाचतंय.

चार हजार प्रतींत क्वेदोर माशाखाली पुरला गेला.

ती नवव्या दिवशी आली. मी खुर्ची दिली, ती बसली नाही.
पिशवीतून अंक काढला, घडी उलगडली.
माशाच्या शेवटी तिनं लाल दोऱ्यानं
मऊ खूण भरली होती.
वर्तमानपत्राला टाके घातले की कागद फाटतो,
म्हणून मागून जुन्या सदऱ्याची चिंधी लावलेली.
पोट जरा जास्तच गोल आलं होतं,
सदऱ्याच्या बाहीवर भरतात तशा फुलासारखं.
आमच्याकडे लिहिण्याचा शब्द
आणि नक्षीदार म्हणायचा शब्द एकाच मुळातून फुटलेत,
हे मला शाळेत शिकवलं होतं. मी पाठ केलं होतं.

"अशी असते ती," ती म्हणाली,
जणू मी कधी पाहिलीच नव्हती.

दुरुस्ती छापली नाही. संपादक म्हणाले, जागा नाही.
उच्वातकिननं कपाटाचं कुलूप काढून टाकलं,
त्यावर एक शब्द बोलला नाही, मीही नाही.

आता छापखान्यात संगणक आहे.
कळ दाबाल तितक्या मऊ खुणा,
शिंग नाही, काठी नाही, भुकटी नाही.
भाचा घाईत एखादी गाळतो,
म्हणतो, मावशी, लोकांना कळतं.

आमच्यात वाचणं आणि मोजणं
एकाच क्रियापदात होतं.
संध्याकाळी तो गेला की मी चष्मा लावते
आणि पहिल्या पानापासून
मोजायला बसते.