बाहेर. दुपार.

जिल्हा कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली
मी प्रतिज्ञापत्रं टाइप करायची, पानाला साठ पैसे.
देवाजी सोनकुसरे आला तेव्हा वाटलं,
याचाही कुणाशी धुऱ्याचा वाद असेल.
त्यानं सायकल झाडाला टेकवली. म्हणाला,
लिहा. दृश्य पहिलं. बाहेर. दुपार.
एक स्वार येतो.

राहणार कुठला? मी विचारलं, सवयीनं.
तो बराच वेळ गप्प.
ते मलाही कळलेलं नाही बाई,
मोकळी जागा सोडा.

बाप गोळीबार चौकात मागावर लुगडी विणायचा.
हा मुंबईला गेला आणि सहा वर्षं
दुसऱ्यांच्या नावावर गोळीबार लिहीत राहिला.
पडद्यावर नाव आलं एकदाच,
'सुतारकाम' खाली, चुकून.
परतला तो तीन हॅट आणि एक खोकला घेऊन.

वेस्टर्न म्हणजे काय हो?
पश्चिम, म्हणाला. आपल्याकडे ती
वाडी नाक्यापलीकडे सुरू होते.

त्याच नाक्यावर जकात कारकुनानं पेटी उघडायला लावली.
आत सागवानी पिस्तुलं, बावीस नग.
दरपत्रक चाळून चाळून शेवटी त्यानं ती
'लाकडी खेळणी' या सदरात बसवली, पावती फाडली.
देवाजीनं ती पाकिटात जपून ठेवली.
माझं काम काय आहे, हे कुणी
इतकं स्वच्छ लिहून दिलं नव्हतं.

घोडे मोमिनपुऱ्यातल्या टांग्यांचे.
इसराईल मियाँची लाडली सगळ्यात देखणी,
पण सवारी दिसली की थांबायची.
पाठलाग ऐन रंगात, धूळ, शिट्ट्या,
आणि लाडली आपली
रस्त्याकडेच्या म्हातारीजवळ जाऊन उभी.
देवाजीनं तो तुकडा कापला नाही.
खलनायक तंबाखू चघळत नसे,
संत्रं सोलायचा, सावकाश,
साल अख्खं निघालं की माणूस मरायचा.

'उलटी नाल' सीताबर्डीवर नऊ दिवस चालला.
दुसरा, भंडाऱ्यात, चार.

तिसऱ्याच्या वेळी मे महिना, शेहेचाळीस डिग्री.
लाडली टेकडी चढताना बसली
ती उठलीच नाही.
इसराईल मियाँनं तोंडावर पाणी मारलं, आधी तिच्या,
मग स्वतःच्या.
दुसऱ्या दिवशी देवाजी झाडाखाली आला,
हॅट हातात.
दृश्य पहिलं. बाहेर. दुपार.
एक स्वार चालत येतो.
फायनान्सरनं हे वाचलं आणि
पुढचा हप्ता धाडलाच नाही.

मग सरकारी काम. देवीच्या लसीवर अकरा मिनिटांचं चित्र.
गावात लस टोचणारा येतो, एकटा, उन्हातून.
दारं लागतात, एकेक.
खिडकीच्या फटीत पोरांचे डोळे.
त्याचा हात कमरेकडे जातो.
कुत्रंही भुंकत नाही.
सुई निघते.
मी टाइप करताना श्वास धरला होता,
हे त्याला कधी सांगितलं नाही.
अधिकाऱ्यानं शेरा मारला: अनावश्यक तणाव.

शेवटी आला तेव्हा दात पडलेले, खोकला तोच.
वृद्ध कलावंतांच्या मानधनासाठी प्रतिज्ञापत्र हवं होतं.
मी, देवाजी गणबाजी सोनकुसरे, वय सत्तर,
धंदा...
लेखक-दिग्दर्शक, म्हणाला, मग म्हणाला, थांबा,
पुरावा मागतील.
पाकिटातून पावती काढली.
लाकडी खेळणी, बावीस नग, वाडी.
सोबत जोडा.

सही झाली. माझे दोनशे चौदा पानांचे पैसे बाकी होते,
त्यानं हॅट मशीनवर ठेवली आणि हिशेब मिटवला.
सायकलवर टांग टाकता टाकता विचारलं,
ती मोकळी जागा, पहिल्या पानावरची,
अजून आहे ना तुमच्याकडे?

त्या गठ्ठ्याला वाळवी लागून दोन पावसाळे झाले होते.
जन्मभर सत्यप्रतिज्ञा टाइप केलेली मी,
हो म्हणाले.