काच न टेकवता

फैजपूरच्या बस स्टॅण्डमागे माझं दुकान.
बाप बांगड्या भरायचा, मी फ्रेमा करतो;
काच काही आम्हा मन्यारांचा हात सोडत नाही.

वैशाखातली दुपार. केळीची पानं
कडेकडेने करपत होती तेव्हा
फिरके मास्तरांची लेक चित्र घेऊन आली,
दोन पुठ्ठ्यांच्या मधे, आडवं,
भरलेलं ताट आणावं तसं.
म्हणाली, आधी पंखा बंद करा.

खडूचं चित्र. राखाडी कागद.
एक बाई दिलरुबा वाजवतेय,
मान खांद्याकडे कललेली,
लुगडं वांग्याच्या फुलाच्या रंगाचं,
आणि गालावर रंग इतका थोडा
की मी श्वास तोंडातच धरला.
कागदात मुरलेला नाही हा रंग,
नुसता येऊन बसलाय,
जिनाशेजारच्या कौलांवर
कापसाचे तंतू बसतात तसा.
कुणी मोठ्यानं हाक मारली तर उठून जाईल.

"आई आहे," ती म्हणाली.
"पण तिला वाजवता नाही येत. वाद्य शाळेचं होतं.
दादांनी आठ दिवस नुसतं धरायला लावलं,
पोळ्या लाटून झाल्यावर."

मी काही बोललो नाही.
पण गज धरलेल्या हाताचं मनगट!
नुसतं धरणाऱ्याचं मनगट इतकं सैल नसतं.
बांगड्यांच्या घरात वाढलोय,
दुसरं काही नाही, मनगटं कळतात.

काच चित्राला टेकू नये म्हणून
चारी बाजूंनी आत पट्टी दिली,
दोन सूत जागा ठेवली,
वाऱ्याला नाही, आवाजाला म्हणा हवं तर.
काम उरकलं तेव्हा टेबलावर
जांभळट पूड पडलेली, चिमूटभरही नाही.
पुसायला फडकं घेतलं
आणि परत खुंटीला अडकवलं.

शनिवारी म्हातारी स्वतःच आली रिक्षातून.
मास्तर गेले त्याला दोन वर्षं झाली.
चष्मा पदराला पुसला, पुन्हा पुसला,
फ्रेमकडे नाही, आतल्या तिच्याकडे
बराच वेळ पाहत राहिली.
लेक पैसे मोजत होती.

मग पुटपुटली, कुणाकडेच न बघता,
"मधली तार जराशीक उतरेल हाये."
आणि पदराखाली तिचं मनगट
हललं. एकदाच.

"काय म्हणालीस गं?" लेकीनं मान वर केली.

"काई नही वं.
कितले झाले, इचारते."