तारीख नंतर कळवण्यात येईल

फळ्यावर मीच लिहिलं होतं, खडूनं, ठसठशीत:
उपांत्य सामना. गुरुवार, एकोणीस मार्च. दुपारी चार.
आणि खाली, सरांनी सांगितलं नव्हतं तरी,
वेळेवर हजर राहणे.

सतराला परिपत्रक आलं.
ओल्या फडक्यानं एकोणीस पुसले, एकतीस लिहिले.
मग एकतीस पुसून चौदा एप्रिल.
चौदा पुसताना फळ्याचा काळा रंगच आला फडक्याला.
इंगवले सर फोनवर म्हणाले,
"आता आकडा घालू नका, महिपतराव.
लिहा, तारीख नंतर कळवण्यात येईल."
एवढं लांब वाक्य त्या चौकटीत बसेना.
'येईल' मी खालच्या चौकटीत लिहिलं,
अंतिम सामन्याच्या.

स्पर्धेसाठी चुन्याची चार पोती आली होती.
एक फोडलं होतं. उरलेली तीन
महापालिकेची गाडी घेऊन गेली, पावती न देता.
दुसऱ्या दिवशी दुधाला गेलो, तर डेअरीपुढं
आमच्याच चुन्याचे गोल, एकेका मीटरवर,
वाकडे, अंड्यासारखे.
तीस वर्षं मधलं वर्तुळ आखलं मी
खिळा ठोकून, सुतळी ताणून,
नऊ मीटर पंधरा, बोटभर इकडंतिकडं नाही.
बंदोबस्ताच्या पोलिसाला म्हणालो, सुतळी आणून देऊ का?
त्यानं काठीनंच दाखवलं: गोलात उभं ऱ्हावा.
राहिलो.

मे महिन्यात मंडई मैदानावर आली.
पेनल्टीच्या ठिपक्यावर कोथिंबीर,
कॉर्नरच्या झेंड्याला तराजू,
आणि उत्तरेच्या गोलात, दांड्याला ताडपत्री बांधून
तौफिक बागवान, आमचा गोली,
टोमॅटोचे क्रेट मांडून बसलेला.
"मामा, जाळी काढा की जरा. उन्हं तिरकी येत्यात."
दिली. रजिस्टरला नोंद केली:
जाळी एक, गोली घेऊन गेला.
गिऱ्हाईक जवळ यायला भ्यायचं, लांबूनच पिशवी फेकायचं.
तो बसल्या बसल्या झेलायचा,
डावीकडची, उजवीकडची, डोक्यावरून जाणारी.
दीड महिना बघत होतो. एकही सुटली नाही.

वीरधवल पोवार दर सोमवारी फोन करायचा.
"मामा, तारीख?"
"न्हाई रं अजून."
"एक जुलैला पंचवीस पूर्ण होत्यात मला.
मग विद्यापीठ घेत न्हाई."
मला काय ठाऊक नव्हतं? फॉर्म मीच भरलेला.
जन्मतारखेपुढं शाईचा डाग पडला होता,
एकदा वाटलं, तो डाग थोडा मोठा करावा.
केला नाही.
जूनच्या शेवटच्या सोमवारी फोन वाजला,
मी उचलला, तो काही बोललाच नाही.
मागं पंख्याचा आवाज येत होता.
जुलैत फोन आला नाही.

पुढचं सगळं सांगत बसत नाही.
सीपीआरच्या आवारात एका रात्री
दोन पेठांची पोरं एकाच सिलिंडरला खांदा देताना दिसली,
मार्चमध्ये 'सेमीला बघतो तुला' म्हणालेली.
मास्कमुळं नीट ओळखू आली नाहीत.
चालण्यावरून ओळखली.

दोन वर्षांनी क्रीडा विभागाचं कुलूप काढलं.
तेल घालावं लागलं.
फळ्यावर वाक्य तसंच, खडू मुरलेला.
फडकं, साबण, रॉकेल, काही चालेना.
नव्या मुलांचा ड्रॉ शेजारी कागदावर चिकटवला.
जुन्या रजिस्टरात निकालाचा रकाना कोरा आहे.
तिथं काय लिहायचं, हे सरांना विचारायचं होतं.
सरांचा नंबर अजून आहे मोबाइलमध्ये.

पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी,
मैदान आखायला बसलो होतो.
फाटकातून वीरधवल आला, शिरोलीची पहिली पाळी करून,
हातांना फाउंड्रीची काजळी, बूट दोरीनं गळ्यात.
घड्याळ बघून म्हणाला, "चार वाजले, मामा. हजर."

काय बोलणार?
खिळा ठोकला, सुतळीचं दुसरं टोक
आणि चुन्याचा डबा त्याच्या हातात दिला.
निघाला तो कडेकडेनं, वाकून, रेघ ओढत.
अर्ध्या वर्तुळात थांबला. छाती धरली.
"जरा दम खातो," म्हणाला. "आजारपणानंतर असंच हुतंय."
मी सुतळी ताणून धरली, ढिली होऊ दिली नाही.
तिथं चुना जरा जास्त सांडला.