वजन

अकरा ठिकाणी अर्ज केले.
झेरॉक्सवाला उमाजी म्हणाला,
'मूळ कागद घराकडे ठेव गो, हाताळून हाताळून तोच झेरॉक्स दिसाक लागलो.'

पेडण्याला मुलाखतीत विचारलं,
पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?
म्हटलं, आपल्याच कंपनीत, सर.
खरं तर मला भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं
आणि सुटत आलेली शिरोड्याची गाडी.
'कळवतो,' म्हणाले.
हा शब्द मी आता वासावरून ओळखते.

मग तिरोडकरांच्या काजू कारखान्याच्या फाटकावर
खडूने लिहिलेलं:
सुपरवायझर पाहिजे. बीएस्सी. गावातल्यांना आधी.
घरापासून सात मिनिटं.
पगार नऊ हजार, जेवायला घरी.
शेजारची कुंदामावशी म्हणाली,
'देवान दाराक आणून दिल्यान, आता आणि काय होया?'

त्या कारखान्यात आई अठरा वर्षं काजू फोडते.
शेवटच्या वर्षाला मी
काजूच्या टरफलातल्या आम्लाची रचना काढली होती,
अ‍ॅनाकार्डिक, दहापैकी आठ.
दोन गुण बाजूच्या साखळीत गेले.
आईच्या बोटांवर तो रेणू पूर्ण आहे,
राख लावली तरी,
खोबरेल लावलं तरी,
लग्नाकार्याला हात पदराखाली घेतले तरी.

शेठ चांगले बोलले. चहा मागवला.
काम सोपं:
बायांची ताटं येतील,
अख्खा गर वेगळा, तुकडा वेगळा.
अख्ख्याचं वजन लिहायचं, तुकड्याचे पैसे कापायचे.
'आईचं ताट आलं तरी?'
'तरी,' म्हटलं.
'शाब्बास. तुला काही विचारायचंय?'

कॉलेजात सांगितलं होतं,
शेवटी एक तरी प्रश्न विचारा,
इच्छुक आहात असं दिसतं.

पिशवीत एस्टी स्टँडवर घेतलेली पाण्याची बाटली होती,
लिटरची, सील न फोडलेली.
म्हटलं, ही काट्यावर ठेवून बघू?
पाण्याचे हजार,
उकाडा धरून चारेक ग्रॅम कमी,
बाटलीचे वीसेक वर.
काटा म्हणाला: नऊशे साठ.

पंखा फिरत होता.
बाहेर बाया फोडत होत्या, टक्, टक्,
त्यातला एक आवाज माझ्या ओळखीचा.
शेठनी चहाचा कप बशीवर नीट मध्यभागी ठेवला.
'काटा जुना झालाय,' म्हणाले.
आणि मग, 'कळवतो.'

घरी येऊन हिशेब मांडला
कॅलेंडरच्या मागे, पेन्सिलीने.
दिवसाचे किलो, किलोमागे साठेक ग्रॅम,
गुणिले दिवस, गुणिले अठरा.
आकडा आला तेव्हा आई आमटीला फोडणी देत होती.
मी पान पुन्हा भिंतीकडे केलं.
तिने विचारलं नाही.
पण रात्री दिवा घालवताना म्हणाली,
'कमी भरता ता सगळ्यांका ठावक असा गो.
कितक्या भरता, ताच कोणी मोजूक नाय.'

पेडण्याहून कळवलं. खरंच कळवलं.
सोळा हजार, पहाटे पाच चाळीसची गाडी,
पांढरा कोट, दोन जोड.
कुंदामावशी अजून म्हणते, दारातलं सोडलंस.
सोडलं की सुटलं, मला नक्की सांगता येत नाही.
काही सकाळी, रेडीच्या चढावर,
बसच्या काचेला डोकं टेकून मी त्या सात मिनिटांचा विचार करते.

माझं पहिलं काम रोज एकच:
तराजूवर प्रमाणित वजन ठेवायचं,
चिमट्याने, बोट लावायचं नाही,
बोटाचा घाम लागला तरी वजनाचं वजन बदलतं.
मग वहीत आकडा, वेळ, सही.

आईने विचारलं, 'काय करतंस गो थंय?'
'वजना तपासतंय.'
'कोणाची?'
'वजनांचीच.'
हसली. हसताना हात तोंडावर नेला,
काळी बोटं, पदर विसरून.

आज माझा डबा भरताना
तिने माझी जुनी बाटली विसळली,
उजेडाकडे धरली.
'आणि गो,' म्हणाली,
'ही खंयपर्यंत भरूची?'